डेटाशीटवर १९२ केबी रॅम आहे, मग लेंग्थमध्ये १९२के का चालत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चिप एसटीएम३२एफ४०७, म्हणजे एक मायक्रोकंट्रोलर. कोड वाढत गेला आणि एके दिवशी लिंकरने (कोड आणि डेटाला मेमरीतले पत्ते वाटणाऱ्या प्रोग्रॅमने) 'रीजन रॅम ओव्हरफ्लोड' म्हणून बिल्ड थांबवलं. डेटाशीटच्या पहिल्या पानावर १९२ केबी एसरॅम दिसली आणि लिंकर स्क्रिप्टमध्ये रॅमच्या लेंग्थला १२८के होतं, म्हणून तिथे १९२के केलं. एरर गेली, बिल्ड झालं, पण बोर्ड मेनपर्यंतही पोहोचत नाही, थेट हार्डफॉल्ट (प्रोसेसरला सावरता न येणारी चूक). वर पुढच्या महिन्यात बूटलोडर (आधी चालून अॅप सुरू करणारा किंवा बदलणारा छोटा प्रोग्रॅम) जोडायचा आहे, तर मेमरी ब्लॉक, म्हणजे स्क्रिप्टमधली मेमरीच्या रीजनची यादी, नीट कसा लिहायचा?

आधी लिहिण्याची पद्धत सांगतो. खालचे सगळे पत्ते हेक्समध्ये आहेत, फाइलमध्ये त्यांच्यापुढे शून्य-एक्स लावायचं. लेंग्थमधला 'के' म्हणजे १०२४ बाइट.

तुमच्या चिपवर १९२ केबी आहे हे खरंच आहे, पण ती सलग नाही. एसरॅम-१ ही ११२ केबी, २००००००० पासून. तिला चिकटून एसरॅम-२, १६ केबी, २००१सी००० पासून. या दोन मिळून १२८ केबी सलग होतात आणि २००२०००० ला संपतात. उरलेली ६४ केबी म्हणजे सीसीएम रॅम, आणि ती भलतीकडेच, १००००००० वर आहे. मेमरी ब्लॉक म्हणजे सातबारा समजा. गावात तुमची तीन गटांत मिळून जमीन असेल तर एकाच गट नंबरावर सगळं क्षेत्र चढवून शेत सलग होत नाही, आणि शेजारच्या गटातली जमीनही तुमची होत नाही. लिंकर चिप बघत नाही. त्याच्याकडे ना डेटाशीट असते ना बोर्ड. तुम्ही ओरिजिन (सुरुवातीचा पत्ता) आणि लेंग्थ लिहाल ते तो निमूट खरं मानतो आणि त्या हिशेबाने पत्ते वाटतो.

आता हार्डफॉल्ट कुठून आला ते बघा. बहुतेक तयार स्क्रिप्टांमध्ये ईस्टॅक हा सिंबॉल रॅमचं ओरिजिन अधिक लेंग्थ असा काढलेला असतो. १९२के केल्यावर तो २००३०००० झाला. व्हेक्टर टेबल (स्टॅकचं टोक आणि हँडलरांचे पत्ते यांची यादी) असते, तिचा पहिला शब्द हाच. रीसेटनंतर कोअर तो उचलून स्टॅक पॉइंटरमध्ये टाकतो. स्टॅक खालच्या दिशेने वाढतो, म्हणून पहिलाच पुश २००२एफएफएफसी या पत्त्यावर गेला. तिथे तुमच्या चिपमध्ये काहीच नाही. बस फॉल्ट (नसलेल्या पत्त्याला हात लावल्याची चूक) आला, बस फॉल्टचा हँडलर चालू केलेला नव्हता म्हणून त्याचा हार्डफॉल्ट झाला. डेटा कॉपी, मेन वगैरे तर फार पुढची गोष्ट. डीबगरमध्ये स्टॅक पॉइंटरचा आकडा बघितलात तर मिनिटात कळेल.

गंमत म्हणजे २००००००० वर १९२के हा आकडा एफ४२९ या जवळच्या चिपसाठी अगदी बरोबर आहे. तिथे २००२०००० वर आणखी ६४ केबीची एसरॅम-३ असते, आणि सीसीएम वेगळी. म्हणून इंटरनेटवरून किंवा शेजारच्या प्रोजेक्टमधून उचललेली स्क्रिप्ट 'त्यांच्याकडे चालते, माझ्याकडे नाही' असं होतं. फ्लॅशचंही तसंच. पार्ट नंबरात 'व्हीजी' असेल तर १ एमबी, 'व्हीई' असेल तर ५१२ केबी. स्वस्त बोर्डांवर बऱ्याचदा व्हीई असते आणि स्क्रिप्ट व्हीजीची. कोड ५१२ केबीच्या आत आहे तोवर कुणालाच पत्ता लागत नाही. तेव्हा आकडा पहिल्या पानावरून घेऊ नका. रेफरन्स मॅन्युअलमधला मेमरी मॅप आणि चिपवर छापलेला पूर्ण पार्ट नंबर, हे दोन समोर ठेवून लिहा.

ब्लॉकमधली प्रत्येक ओळ म्हणजे नाव, हवी तर गुणधर्मांची अक्षरं, ओरिजिन आणि लेंग्थ. नावाला स्क्रिप्टबाहेर काही अर्थ नाही. 'रॅम' च्या जागी 'मोरपीस' लिहिलंत तरी चालेल, फक्त खाली सेक्शन (कोड किंवा डेटाचा नाव दिलेला गठ्ठा) पाठवताना तेच नाव वापरा. गुणधर्मांच्या अक्षरांबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. आर, डब्ल्यू, एक्स लिहिलं म्हणजे हार्डवेअरमध्ये वाचणं, लिहिणं, चालवणं यावर बंधन आलं असं अनेकांना वाटतं. तसं काही होत नाही. ज्या सेक्शनचा तुम्ही स्क्रिप्टमध्ये कुठेच उल्लेख केलेला नाही, त्या अनाथ सेक्शनला कुठल्या रीजनमध्ये ढकलायचं एवढं ठरवायला लिंकर ती अक्षरं बघतो. तयार स्क्रिप्टांत सीसीएमपुढेही एक्स लावलेला सर्रास दिसतो, आणि एफ४०७ वर सीसीएममधून कोड चालूच शकत नाही, कारण ती फक्त डेटा बसला जोडलेली आहे. (एफ३०३ वर उलट. तिथे सीसीएममधून कोड चालतो, आणि लोक मुद्दाम वेगवान रूटीन तिथे ठेवतात.) खरं बंधन हवं असेल तर एमपीयू (मेमरीवर बंधन घालणारं हार्डवेअर) वापरा. आणि अनाथ सेक्शन अंदाजाने बसू द्यायचे नसतील तर ऑर्फन-हँडलिंगचा ऑप्शन वॉर्नवर ठेवा. एखाद्या लायब्ररीने गुपचूप आणलेला सेक्शन लगेच दिसतो.

तुमचा मूळ त्रास रॅम कमी पडण्याचा. त्यावर उपाय सीसीएम वापरण्याचाच आहे, पण तिच्यासाठी वेगळी ओळ लिहून: ओरिजिन १०००००००, लेंग्थ ६४के. मग तिथे काय पाठवायचं हे तुम्ही ठरवायचं, आणि इथे जरा थांबून विचार करायला हवा.

सीसीएमपर्यंत डीएमए (प्रोसेसरशिवाय डेटा हलवणारं हार्डवेअर) पोहोचत नाही. डीएमए-१, डीएमए-२, इथरनेटचा डीएमए, हायस्पीड यूएसबीचा, कुणीच नाही. यूआरटी किंवा एडीसीचा बफर तिथे गेला तर प्रोसेसर त्याला आरामात वाचतो-लिहितो, पण डीएमएला ट्रान्सफर एरर येते. एरर कॉलबॅक लिहिलेला नसेल तर तुम्हाला दिसतं एवढंच की बफर कायम शून्य आहे. माणूस बॉड रेट तपासतो, केबल बदलतो, ऑसिलोस्कोप लावतो. पहिल्यांदा बफरचा पत्ता छापा. १ ने सुरू होत असेल तर केबलचा काही दोष नाही.

म्हणून सीसीएमला काय द्यायचं? फक्त प्रोसेसर हात लावेल असा डेटा. फिल्टरचे कोइफिशंट आणि स्टेट, लुकअप टेबल, पार्सरची चाळवाचाळवीची जागा. फ्रीआरटीओएस (छोटी रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम) वापरत असाल तर त्याचा हीप (चालताना वाटली जाणारी मेमरी) हा सगळ्यात घसघशीत फायदा. 'अॅप्लिकेशन अॅलोकेटेड हीप' हा कॉन्फिग १ करून यूसीहीप ही अॅरे स्वतः जाहीर करायची आणि सीसीएमच्या सेक्शनला लावायची. एका फटक्यात मुख्य रॅममधले चाळीस-पन्नास केबी मोकळे होतात. पण मग सगळ्या टास्कचे स्टॅकही सीसीएममध्ये गेले हे टीममध्ये प्रत्येकाला माहीत हवं. कुणीतरी फंक्शनमध्ये लोकल अॅरे घेऊन तीच डीएमए ट्रान्समिटला देणारच. मी ड्रायव्हरच्या दारातच एक असर्ट ठेवतो: पत्त्याचा वरचा बाइट २० नसेल तर तिथेच थांब. फ्लॅशमधून पाठवायचं असेल तर ०८ लाही मुभा. कोड रिव्ह्यूत डोळे फोडण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

आता सेक्शनचा भाग. यात सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून सावकाश सांगतो.

प्रत्येक सेक्शनला दोन पत्ते असतात. प्रोग्रॅम चालताना तो जिथे असतो तो व्हीएमए, आणि फ्लॅशमध्ये जिथे साठवलेला असतो तो एलएमए. डेटा सेक्शनसाठी 'रॅमकडे, पण साठवण फ्लॅशमध्ये' असं सांगावं लागतं. स्क्रिप्टमध्ये ते मोठा-चिन्ह रॅम आणि पुढे 'एटी मोठा-चिन्ह फ्लॅश' असं दिसतं. सुरुवातीच्या किमती फ्लॅशमध्ये बसतात आणि स्टार्टअप फाइलमधला लूप त्या रॅममध्ये नेतो. कुठून, कुठे आणि कुठवर हे तीन सिंबॉल स्क्रिप्ट पुरवते. सीमधून हे सिंबॉल वापरताना त्यांची किंमत वाचायची नसते, त्यांचा पत्ता घ्यायचा असतो. अँपरसँड विसरलात तर त्या पत्त्यावरचा मजकूर हाती येतो, आणि तो कधीकधी इतका 'बरा' दिसतो की चूक आठवडाभर लपते.

सीसीएमसाठी कुणी फक्त 'सीसीएमकडे' एवढंच लिहिलं आणि साठवण कुठे ते सांगितलं नाही, तर काय होतं? त्या रीजनमध्ये आधी दुसरा सेक्शन नसेल तर एलएमए हा व्हीएमएच धरला जातो, म्हणजे १०००००००. ईएलएफ फाइल (लिंकरने बनवलेली) ठीकठाक दिसते. मग ऑब्जकॉपीने बिन फाइल (फ्लॅशमध्ये जाणारे नुसते बाइट) काढली की ती १२८ एमबीची निघते, कारण बिनमध्ये पत्ते नसतात. ०८०००००० पासून १००००००० पर्यंतची सगळी पोकळी शून्यांनी भरावी लागते. तीच चूक २००००००० वरच्या सेक्शनबाबत झाली तर ३८४ एमबी. बिन फाइलचा आकार असा अचानक फुगला तर कंपायलरचे ऑप्शन चाळत बसू नका, कुठल्यातरी सेक्शनचा एलएमए रॅमच्या पत्त्यावर राहिलाय. ऑब्जडंपच्या सेक्शन यादीत व्हीएमए आणि एलएमए शेजारी-शेजारी छापलेले असतात, तिथे दिसेल.

यातली एक खोच अशी की मुख्य रॅममध्ये हीच चूक अनेकदा पचून जाते. साठवण न सांगितलेला सेक्शन ज्या रीजनमध्ये जातो, तिथे आधीच्या सेक्शनचा व्हीएमए-एलएमए फरक जेवढा, तेवढाच लिंकर त्यालाही लावतो. डेटा सेक्शननंतर तुम्ही आणखी एखादा सेक्शन रॅमकडे पाठवला तर तो आपोआप फ्लॅशमध्ये डेटाच्या मागे बसतो. मग 'रॅमला न लिहिता चाललं, सीसीएमला का नाही' असा प्रश्न पडतो. उत्तर एवढंच, की सीसीएममध्ये आधीचा सेक्शन नव्हता. दोन्हीकडे स्पष्ट लिहायची सवय ठेवा.

उलट बाजूही आहे. तयार स्क्रिप्टांमध्ये सीसीएमरॅम नावाचा सेक्शन 'साठवण फ्लॅशमध्ये' असा दिलेला असतो. त्यात तुम्ही ४० केबीची रिकामी अॅरे टाकली तर बिनमध्ये ४० केबी शून्यं जातात. कारण नेहमीच्या रिकाम्या ग्लोबल व्हेरिएबलला जीसीसी हा कंपायलर बीएसएसमध्ये (सुरुवातीला शून्य करायच्या डेटाच्या सेक्शनमध्ये) टाकतो, पण तुम्ही स्वतः नाव दिलेल्या सेक्शनला तो मजकूर असलेला सेक्शन समजतो. आणि ती शून्यं फ्लॅशमध्ये गेली तरी सीसीएममध्ये कुणी नेत नाही. ठरावीक स्टार्टअप फाइल फक्त डेटा आणि बीएसएस हाताळते. म्हणजे फ्लॅशही गेली आणि अॅरेत कचरा तो कचराच. स्क्रिप्टमध्ये याबद्दल बहुधा एक कॉमेंटही असते, ती कुणी वाचत नाही.

मी सीसीएमसाठी दोन सेक्शन ठेवतो. एक सुरुवातीच्या किमती असलेल्या डेटासाठी, साठवण फ्लॅशमध्ये. दुसरा रिकाम्या डेटासाठी, नोलोड (बिनमध्ये काही घालू नको अशी सूचना) लावून. स्टार्टअपमध्ये पहिल्यासाठी कॉपीचा आणि दुसऱ्यासाठी शून्य करण्याचा लूप जोडायचा. काही जण दुसऱ्याचं नाव बीएसएसने सुरू होणारं ठेवतात, म्हणजे जीसीसी त्याला आपोआप रिकामा मानतो. ते चालतं, पण स्क्रिप्टमध्ये त्याचा उल्लेख मुख्य बीएसएसच्या आधी हवा. इनपुट सेक्शनला पहिला जुळलेला पॅटर्न लागू होतो, आणि मुख्य बीएसएसचा स्टारवाला पॅटर्न आधी आला तर तुमचे सीसीएमचे व्हेरिएबल मुकाट्याने मुख्य रॅममध्ये जाऊन बसतात.

आता बूटलोडर. इथे आकडे मनाला येतील तसे टाकता येत नाहीत, कारण एफ४०७ ची फ्लॅश सेक्टरने पुसली जाते आणि सेक्टर सारखे नाहीत. पहिले चार १६ केबीचे, पाचवा ६४ केबीचा, पुढचे सात १२८ केबीचे. अॅप्लिकेशनचं ओरिजिन सेक्टरच्या सुरुवातीवरच हवं, नाहीतर अॅप पुसताना बूटलोडरचं शेपूटही पुसलं जाईल. मी साधारण अशी मांडणी करतो: पहिले दोन सेक्टर, म्हणजे ३२ केबी, बूटलोडरला. ०८००८००० आणि ०८००सी००० वरचे दोन सेटिंगसाठी, आलटून-पालटून वापरायला. अॅप ०८०१०००० पासून. सेटिंग शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवण्याचा मोह होतो, पण तो १२८ केबीचा. चार बाइटच्या कॅलिब्रेशनसाठी १२८ केबी अडकते, पुसायला वेळ सेकंदाच्या घरात जातो आणि तेवढा वेळ फ्लॅशमधून कोड वाचणारा प्रोसेसर खोळंबतो. मोटर फिरत असताना हे परवडत नाही.

अॅपचा मेमरी ब्लॉक मग असा होतो:

फ्लॅश : ओरिजिन = ०८०१००००, लेंग्थ = ९६०के
रॅम : ओरिजिन = २०००००००, लेंग्थ = १२७के
शेअर्ड : ओरिजिन = २००१एफसी००, लेंग्थ = १के
सीसीएम : ओरिजिन = १०००००००, लेंग्थ = ६४के

हे व्हीजीसाठी. व्हीई असेल तर फ्लॅशची लेंग्थ ४४८के.

रॅमच्या शेवटचा १ केबी मी वेगळा काढलाय. त्यात नोलोड सेक्शन: 'अपडेट मोडमध्ये जा' हा संदेश, मागच्या क्रॅशचा पीसी (तेव्हा चालू असलेल्या सूचनेचा पत्ता), रीसेटचं कारण. रीसेटला एसरॅम पुसली जात नाही, वीज गेली तरच जाते, म्हणून बूटलोडर आणि अॅप यांची देवाणघेवाण इथून होते. पहिल्यांदा वीज आल्यावर तिथे कचरा असणार, त्यामुळे एक ओळखीचा आकडा आणि चेकसम हवाच. दोन्ही स्क्रिप्टांत हा पत्ता एकच असायला हवा. वेगवेगळ्या फाइलींत तो हाताने लिहिला की कधीतरी एकात बदलतो आणि दुसऱ्यात राहतो. मेमरी ब्लॉकच्या आतसुद्धा इन्क्लूड चालतं, तेव्हा सामाईक ओळी एका फाइलीत ठेवून दोन्हीकडे ओढा.

लिंकरकडून एका गोष्टीची अपेक्षा ठेवू नका. दोन रीजन एकमेकांवर चढले तर तो तक्रार करत नाही. त्या रीजनमधले प्रत्यक्ष सेक्शन एकमेकांवर आले तरच बोलतो. आणि बूटलोडर व अॅप हे दोन वेगळे बिल्ड असल्याने त्यांच्यातली टक्कर त्याला दिसण्याचा प्रश्नच नाही. म्हणून स्क्रिप्टच्या शेवटी असर्ट लिहा: रॅमचं ओरिजिन अधिक लेंग्थ हे शेअर्डच्या ओरिजिनएवढंच असलं पाहिजे, बूटलोडरचा शेवट ०८००८००० च्या पुढे जाता कामा नये.

ओरिजिन बदललं म्हणजे काम संपलं असंही नाही. कोअरला व्हेक्टर टेबल कुठे आहे हे व्हीटॉर रजिस्टरमधून कळतं. ते जुन्याच जागी राहिलं तर अॅप सुरू होतं, एलईडीही एकदा लागतो, आणि पहिल्या सिसटिकला (ठरावीक वेळाने येणाऱ्या टायमर इंटरप्टला) प्रोसेसर बूटलोडरच्या हँडलरमध्ये उडी मारतो. डिलेमध्ये अडकलेलं अॅप दिसलं की आधी व्हीटॉर बघा. तिथे आकडा हाताने लिहू नका, व्हेक्टर सेक्शनच्या सुरुवातीला स्क्रिप्टमध्ये सिंबॉल ठेवा आणि त्याचा पत्ता द्या. एफ४०७ वर टेबल ५१२ बाइटच्या पटीत हवं. सेक्टरच्या सुरुवातीवर असाल तर ते आपोआप जमतं. व्हेक्टर सेक्शनला कीप लावायला विसरू नका, नाहीतर न वापरलेले सेक्शन काढून टाकणारा ऑप्शन त्यालाच उचलून फेकतो.

बूटलोडरमध्ये एक फार जुनी चाचणी फिरत असते, तीही तपासा. अॅपचा पहिला शब्द घेऊन त्याला २एफएफई०००० चा मास्क लावतात आणि उत्तर २००००००० आलं तरच अॅप वैध मानतात. स्टॅकचं टोक अगदी १२८ केबीच्या शेवटी, २००२०००० ला असेल तर मास्कनंतरही २००२०००० च उरतं, आणि पूर्ण बरोबर अॅप 'अवैध' ठरतं. स्टॅक सीसीएममध्ये ठेवलात तरीही तेच. वरच्या मांडणीत १ केबी काढल्यामुळे टोक २००१एफसी०० ला येतं आणि ही चाचणी पास होते. पण अशा योगायोगावर विसंबण्यापेक्षा चाचणीच बदला. किमान-कमाल पत्त्यांची सरळ तुलना करा, आणि इमेजचा सीआरसी तपासा.

शेवटी, ओव्हरफ्लो नसणं म्हणजे रॅम पुरेशी असणं नव्हे. लिंक करताना प्रिंट-मेमरी-युसेज हा ऑप्शन लावलात की प्रत्येक रीजनचा टक्का दिसतो, आणि मॅप फाइलमध्ये कुणी किती खाल्लं ते. तुमच्या बाबतीत लेंग्थला हात लावण्याआधी हीच फाइल उघडायला हवी. बहुधा एखादा डिस्प्लेचा बफर, एलडब्ल्यूआयपी या नेटवर्क लायब्ररीचे पूल किंवा आरटीओएसचा हीप वरच्या दोन-तीन ओळींत बसलेला सापडेल. पण त्या टक्क्यात स्टॅक किती वाढणार ते नसतं. स्क्रिप्टमधले किमान हीप आणि किमान स्टॅकचे आकडे फक्त एवढंच बघतात की तेवढी जागा उरली आहे का. चालताना त्यांना कुणी जुमानत नाही. सीसीएम १०० टक्के भरलेली दिसली आणि त्यात आरटीओएसचा हीप असेल तर चिंता नको, पण मुख्य रॅम ९७ टक्के आणि इंटरप्टमध्ये प्रिंटएफ असेल तर स्टॅक बीएसएसवर चढायला वेळ लागत नाही. उरलेली जागा बूटच्या वेळी ए५ ने भरून ठेवा, सगळी फीचर वापरून बोर्ड रात्रभर चालवा, आणि सकाळी डीबगरमध्ये ए५ कुठवर शिल्लक आहेत ते मोजा.